कलेक्टर रेट आणि तेलाचा डबा

७ मे २०२४, मंगळवार. इंदूरच्या नंदानगरच्या मागच्या एका गल्लीत, घराच्या खालच्या मजल्यावर चालणाऱ्या फराळाच्या कारखान्यात संध्याकाळी सहाला पगाराची पाकिटं वाटली गेली. पुरणपोळ्यांच्या कामावरच्या सात बायकांच्या पाकिटात प्रत्येकी ११,७११ रुपये होते. महिन्यापूर्वीच्या पाकिटात १०,०९८ होते. एकीने तिथेच उभं राहून दोनदा मोजले आणि मालकीणबाईंना विचारलं, ‘काकू, जास्त तर नाही ना आले?’ काकू म्हणाल्या, ‘नाही गं, सरकारने वाढवले.’

दुसऱ्याच दिवशी, ८ मे ला, मध्य प्रदेश हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने किमान वेतनातल्या त्या सरकारी वाढीला स्थगिती दिली.

पुढची दीड वर्षं या दहा माणसांच्या कारखान्यात काय झालं, ते लिहून ठेवतो आहे. मी पगारपत्रकं लिहितो. आठ-दहा-पंधरा माणसं कामाला असलेल्या छोट्या मालकांचं हजेरी-बुक, ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) चलान, लेबर ऑफिसची पत्रं, असं माझं काम. त्यामुळे काकूंची वही आणि बायकांची रडगाणी दोन्ही माझ्या टेबलावर येतात. नावं दिलेली नाहीत. गल्लीही थोडी इकडेतिकडे केली आहे, कारण इंदुरात मराठी घरं तशी एकमेकांना ओळखून असतात.

आधी सरकारी बाजू

मध्य प्रदेशात किमान वेतनाला लोक अजून ‘कलेक्टर रेट’च म्हणतात. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे दर जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासायचे असं लिहिलेलं होतं. आमच्याकडे मूळ दर २०१४ मध्ये ठरले. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, सल्लागार मंडळाने पंचवीस टक्के वाढीची शिफारस केली. ती शिफारस फायलीत पडून राहिली आणि अखेर १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. अकुशल ११,८००, अर्धकुशल १२,७९६, कुशल १४,५१९, उच्च कुशल १६,१४४ रुपये महिना. महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांनी भागलं की अकुशलाचा दिवस ४५४ रुपयांना पडतो.

वर्तमानपत्रांत ‘पंचवीस टक्के वाढ’ असं ठळक छापून आलं. काकूंनी तेच वाचलं आणि सकाळी साडेसातला मला फोन केला. पण वाढ होती मूळ दरावर. मधल्या दहा वर्षांत दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता जोडला जात होताच. तो धरून अकुशलाचे आधीचे १०,१७५ होते. म्हणजे खरी वाढ १,६२५ रुपयांची, सोळा टक्के. पंचवीस आणि सोळा यांतला हा फरक मी त्या महिन्यात किमान तीस मालकांना समजावला असेन. निम्म्यांनी तरीही पंचवीसच धरून बसायचं ठरवलं. घासाघीस करायला मोठा आकडा बरा असतो.

कोर्टात कापड गिरण्यांची संघटना गेली होती. कापड उद्योगाला वेगळा दर असावा हा त्यांचा एक मुख्य मुद्दा. स्थगिती मात्र सगळ्यांनाच लागली. चकली आणि सूतगिरणी एकाच अधिसूचनेत होत्या. त्याच महिन्यात श्रम आयुक्तांकडून जुने दर परत लागू झाल्याचं पत्र निघालं.

वहीतला महिना

त्या सातजणींपैकी एक माझ्या शेजारच्या गल्लीत राहते. तिला सगळे ताई म्हणतात. नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलेलं, तो दोन वर्षं घरी. दोन मुलं, मोठी आठवीत. एप्रिल २०२४ चा खर्च तिने माझ्यासमोर मुलीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला, तो तसाच उतरवतो. खोली ४,०००. किराणा ४,२००. दूध ९००. सिलिंडर ८३०, जोडणी सासऱ्यांच्या नावावर, म्हणून ‘लाडली बहना’ योजनेतल्या बायकांना साडेचारशेत सिलिंडर मिळतो ती सवलत हुकलेली. वीज १००, ती मात्र सरकारी सवलतीत. शाळा आणि ट्यूशन १,५००. जाणं-येणं ५२०. दोन फोनची रिचार्ज ४८०. वरची औषधं आणि मालिशवाला ६००. बेरीज १३,१३०.

मिळकत: पगार हातात १०,०९८ आणि ‘लाडली बहना’चे १,२५०. महिन्याला १,७८२ कमी पडायचे. ते कुठून यायचे ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याची लाल वही मी पाहिलेली आहे.

नव्या दराने हीच तूट १६९ रुपयांवर आली. म्हणजे ज्या वाढीवरून शहरभर चर्चा, लेख, निवेदनं चालली होती, त्या वाढीने या घरात चैनीचं काहीच आलं नसतं. फक्त लाल वही बंद झाली असती.

मी यादी परत वाचली आणि म्हणालो, ‘ताई, कपडे लिहिले नाहीत.’ ती हसली. ‘ते दिवाळीला काकू देतात ना साडी.’ १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसं मोजायचं ते ठरवून दिलं होतं: कुटुंबात तीन खाणारी तोंडं धरायची, माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी वीस टक्के. पुढे सुप्रीम कोर्टाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. त्या ७२ वारांतलं एक वारही ताईच्या यादीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र काकूंच्या पदरात टाकायला हवी. ताईच्या पगारातून ८९ रुपये ईएसआयचे कापले जातात आणि काकू आपल्याकडून ३.२५ टक्के भरतात. त्यावर नवऱ्याचे उपचार नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात होतात. ८९ रुपयांत बाहेरच्या डॉक्टरकडची एक फेरीही भागत नाही. पगारात काय वाढलं हे विचारताना ताईला हे हॉस्पिटल आधी आठवतं.

मे महिन्याचं पाकीट

स्थगितीची बातमी आल्यावर काकूंनी मला बोलावलं. समोर पोह्यांची बशी, वर जिरावण मसाला, शेव. पोहे आले की मला कळतं, सल्ला फुकटात हवा आहे.

‘आता काय करू? एप्रिलचे जास्त गेले ते मेमधून कापू?’

‘कापू नका. दिलेला पगार परत घेता येत नाही, आणि आला तरी घेऊ नये.’

‘आणि मेचा?’

कायद्याने त्या वेळी जुना दर पुरेसा होता. मोठ्या कारखान्यांनी सरळ जुन्यावर आणला. काकूंना ते जमेना. त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त होऊन वारले, घर स्वतःचं, कारखाना त्यांनी वयाच्या पन्नाशीत दोन बायका घेऊन सुरू केलेला. बायकांशी बोलणं रोजचं. त्यांनी मधला रस्ता काढला: पगार जुन्या दराने, आणि वर सहाशे रुपये ‘उचल’ म्हणून. वाढ परत आली तर उचल पगारात वळवायची, नाही आली तर बघू.

मी विरोध केला. पगाराचा भाग उचल म्हणून दाखवला की त्यावरचा ईएसआय टळतो, आणि बाईच्या डोक्यावर कागदोपत्री कर्ज चढतं. काकू म्हणाल्या, ‘अरे, मी का वसूल करणार आहे?’ त्या करणार नव्हत्या हे मला माहीत होतं. पण हजेरी-बुकात माणसाचा स्वभाव लिहिता येत नाही.

पाकिटं वाटताना बायका गप्प होत्या. बोलल्या फक्त मावशी, वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांचे यजमान हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी, २२४ कोटी रुपये, डिसेंबर २०२३ मध्ये सुटली. मावशी म्हणाल्या, ‘आमच्या ह्यांचे पैसे बत्तीस वर्षांनी आले. तेव्हा ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. कोर्टाचं मला नका सांगू, काकू. तुमचं काय ते सांगा.’

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले फिरते देखावे, अजून निघतात इंदुरात. गिरण्या गेल्या, झांक्या राहिल्या. मावशी त्या बघायला जात नाहीत.

तेल

आता काकूंचं गणित. दहा माणसं: सात अकुशल, दोन अर्धकुशल, एक कुशल. जुन्या दराने महिन्याचा पगार १,०५,६९९. नव्या दराने १,२२,७११. वाढ १७,०१२, त्यावर मालकाचा ईएसआय धरून साधारण साडेसतरा हजार. कारखान्याची विक्री सणाचे महिने आणि कोरडे महिने मिळून सरासरी पाच लाख ऐंशी हजार. म्हणजे सगळा बोजा मालाच्या भावावर टाकायचा म्हटला तरी तीन टक्के. पंचवीस रुपयांच्या पुरणपोळीवर पाऊण रुपया.

‘पाऊण रुपया कोण देतं? सुट्टे कुठून आणू?’ काकू म्हणाल्या. मी म्हटलं, एक रुपया वाढवा. त्या म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक तुटतं.’

हे संभाषण जूनमधलं. सप्टेंबरमध्ये दुसरं काही झालं. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर एकूण साडेपाच टक्के होतं ते साडेसत्तावीस झालं, रिफाइंडवर पावणेचौदाचं पावणेछत्तीस. कारण चुकीचं नव्हतं. माळव्यातला सोयाबीनवाला शेतकरी भाव पडल्याने हवालदिल होता. पण दिवाळी दीड महिन्यावर. काकूंच्या बिलांत तेलाचा डबा साडेतीनशे रुपयांनी चढला. साध्या महिन्यात त्यांना चाळीस डबे लागतात, म्हणजे चौदा हजार. दिवाळीच्या महिन्यात नव्वद लागले.

सियागंजच्या घाऊक बाजारातून भाव कळल्यापासून आठ दिवसांत काकूंनी शेव २६० ची २८० केली. चकली, कडबोळी, सगळ्यांचे कागद बदलले. एकाही गिऱ्हाइकाने वाद घातला नाही. ‘तेल वाढलंय ना’ एवढं पुरलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, काकू, जूनमध्ये साडेसतरा हजारांसाठी एक रुपया वाढवताना गिऱ्हाईक तुटत होतं. आज चौदा हजारांसाठी वीस रुपये वाढवले, तेव्हा नाही तुटलं?

काकू बराच वेळ चकलीचा सोऱ्या पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तेल माझ्या एकटीचं वाढलं का? समोरच्याचंही वाढलं. त्याच दिवशी, तेवढंच. पगार फक्त माझा वाढतो.’

या सगळ्या प्रकरणात मला यापेक्षा खरं वाक्य कोणी ऐकवलं नाही.

समोर, गल्लीच्या दुसऱ्या बाजूला, दुसरं पुरणपोळी केंद्र आहे. पाटी नाही. सहा बायका, हजेरी-बुक नाही, ईएसआय नाही. काम ठोक्यावर: पोळीमागे दोन रुपये. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बसून बाई दीडशे पोळ्या लाटते आणि तीनशे रुपये घेऊन जाते. काकूंकडची बाई आठ तासांत एकशे वीस लाटते आणि तिचा दिवस ४५४ ला पडतो. म्हणजे तिकडे पोळीची मजुरी दोन रुपये, इकडे पावणेचार. तिकडची पोळी बावीसला विकली जाते.

ठोक्याने काम दिलं म्हणून किमान वेतन लागत नाही, हा समज गल्लीगल्लीत आहे आणि तो चूक आहे. नगावर काम असलं तरी दिवसाचा किमान दर बाईच्या पदरात पडायलाच हवा, हे १९४८ च्या कायद्यातही होतं. सुप्रीम कोर्टाने तर १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी देऊन करवून घेतलेलं काम हे घटनेच्या कलम २३ मधली वेठबिगारी आहे असं म्हटलं. पण जुन्या कायद्यात दर मोडल्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. कैद झालेला मालक मी माझ्या कामात पाहिलेला नाही. पाचशे रुपये म्हणजे समोरच्या केंद्राची तेवीस पोळ्यांची विक्री.

काकूंचा मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. तो फोनवर आईला सांगायचा, ‘किमान वेतन वाढलं की नोकऱ्या जातात, साधं अर्थशास्त्र आहे.’ इतकं साधं ते नाही. अमेरिकेत एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने तासाचा किमान दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तो ४.२५ च राहिला. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची बर्गरची दुकानं आधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. १९९४ मध्ये तो अभ्यास छापून आला तेव्हापासून वाद चालू आहे, उलट निष्कर्ष काढणारेही आहेत. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मी हे काकूंच्या मुलाला फोनवर सांगितलं. पण सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की तिकडे सीमेच्या प्रत्येक बाजूला कायदा निदान त्या बाजूच्या सगळ्यांना सारखा होता. आमच्याकडे ती सीमा एका आठ फुटी गल्लीच्या मधोमध जाते. काकू न्यू जर्सीत राहतात, समोरची पेनसिल्व्हेनियात, आणि दोघींचं गिऱ्हाईक एकच. अशा ठिकाणी वाढीने नोकऱ्या जातात की नाही हा प्रश्नच वेगळा होतो. इथे विचारायचं ते हे की काम रस्ता ओलांडून पलीकडे जातं का.

म्हणून छोटा प्रामाणिक मालक वाढीविरुद्ध बोलतो तेव्हा त्याला लगेच कंजूष ठरवू नये असं मला वाटतं. आणि त्याचं म्हणणं मान्य करून दर खाली ठेवणं हेही उत्तर नाही; तसं केलं तर सगळी गल्लीच तीनशे रुपयांवर उतरेल. कामगार संघटनांचे मोर्चे आणि उद्योजकांची निवेदनं दोन्ही मी वाचली. दोघांचाही सगळा जोर ११,८०० या आकड्यावर. समोरच्या पाटी नसलेल्या दारावर कोणाचाच नाही.

पोळी लाटणं अकुशल?

३ डिसेंबर २०२४ ला स्थगिती उठली. पुढे सरकारने कापड, पादत्राणं असे उद्योग वेगळे काढले आणि बाकीच्यांना नवे दर लागू झाले. काकूंनी मार्च २०२५ च्या पगारापासून ते द्यायला सुरुवात केली आणि मधल्या दहा महिन्यांचा फरक काढायला मला बसवलं.

गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी माणसं कारखान्यातच सतरंजीवर बसली. हिशोब वाचून दाखवणं सोपं गेलं. महागाई भत्त्याचा मधला फेरफार सोडला तर प्रत्येक अकुशल बाईचा महिन्याचा फरक १,६२५, त्यातून मिळालेली उचल ६००, उरले १,०२५. दहा महिन्यांचे १०,२५०. दोघा अर्धकुशल पोरांचे प्रत्येकी ११,६४०. भट्टीवाल्या दादांचे १५,०९०. एकूण १,१०,१२०. शिवाय ज्या उचलीवर ईएसआय टळला होता त्यासकट मालकाचा हिस्सा साडेपाच हजार, तो काकूंनी माझ्याकडे न बघता मान्य केला.

एकदम एवढे पैसे नव्हते. अक्षय्य तृतीया, राखी आणि दिवाळी अशा तीन हप्त्यांत द्यायचे ठरले. पंधरा मिनिटांत संपलं. मी दप्तर आवरू लागलो.

तेवढ्यात ताई म्हणाली, ‘दादांचे पंधरा आणि आमचे दहा, असं का?’

मी सांगितलं: ते कुशल, तुम्ही अकुशल.

‘म्हणजे?’

म्हणजे हजेरी-बुकात नावापुढे ‘श्रेणी’ नावाचा एक रकाना असतो. तो कारखाना सुरू झाला तेव्हा काकूंनी भरला होता, मी वर्षानुवर्षं तोच पुढे उतरवत आलो. भट्टीजवळ बसणारा पुरुष कुशल, शेवयंत्र आणि पॅकिंगवाली पोरं अर्धकुशल, पोळ्यांच्या कामावरच्या बायका अकुशल. कोणी विचार केला नव्हता. मीही नाही.

काकू म्हणाल्या, ‘पोळी काय गं, घरोघरी बायका करतातच की.’

यावर मावशी उठल्या. पातेल्यातलं पुरण त्यांनी उलथण्यावर घेतलं आणि काकूंपुढे धरलं. ‘उलथणं यात उभं राहिलं की पुरण झालं, हे तुम्हीच शिकवलं होतं. या महिन्याची डाळ नवीन आहे, पाणी कमी पिते. काल उलथणं उभं राहिलं तरी मी दोन मिनिटं जास्त परतलं, नाहीतर शंभरातल्या वीस पोळ्या तव्यावर फुटल्या असत्या. दादांना विचारा हे.’ दादा बिचारे म्हणाले, ‘मला नाही येत बुवा.’

नियमाच्या भाषेत सांगायचं तर अर्धकुशल म्हणजे ज्या कामाला अनुभवाने आलेलं थोडंफार कसब लागतं ते. सहा वर्षं पुरण घोटणाऱ्या बाईला यात न बसवणं मला तरी कागदावर सिद्ध करता आलं नसतं. अकुशल आणि अर्धकुशल यांत फरक ९९६ रुपये महिना. कणीक तिंबणाऱ्या, पोळ्या मोजून बांधणाऱ्या चौघी वेगळ्या. पुरण आणि लाटण पाहणाऱ्या तिघी वेगळ्या. तिघींचे महिन्याचे २,९८८ रुपये.

साडेसतरा हजारांची वाढ पंधरा मिनिटांत मान्य झाली होती. या तीन हजारांवर दोन संध्याकाळ गेल्या. पैशाचं कारण नव्हतं. काकूंना टोचत होतं ते हे की ज्या कामाला त्यांनी आयुष्यभर ‘घरचं’ म्हटलं, जे त्या स्वतः सासूबाईंच्या हाताखाली फुकट शिकल्या आणि फुकट करत आल्या, त्याला रकान्यात नाव द्यायचं होतं. दुसऱ्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, ‘मग माझी श्रेणी काय रे? उच्च कुशल?’ आणि हसल्या, पण फार नाही.

एप्रिलपासून तिघींच्या नावापुढे मी ‘अर्धकुशल’ लिहिलं. मावशींना अक्षर वाचता येतं. पगाराच्या दिवशी त्यांनी आधी तो रकाना पाहिला, मग पाकीट घेतलं.

हिशोब कुठे आला

पोळी सव्वीस झाली. गिऱ्हाईक तुटलं नाही, दोन केटरर मात्र समोर गेले. तिसरा हप्ता दिवाळीआधी पूर्ण दिला गेला. ताईची तूट परत उघडली होती ती पूर्ण मिटली नाही, कारण जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी रिचार्ज वाढवले आणि २०२५ च्या जूनमध्ये खोलीवाल्याने पाचशे. ती लाटणाऱ्या तिघींत आहे, त्यामुळे ९९६ मिळाले आणि खोलीभाड्यात निम्मे गेले.

एक जागा गेली, हेही लिहायला हवं. चौघींपैकी एक जुलैमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी बऱ्हाणपूरला गेली ती तिकडेच राहिली. काकूंनी तिच्या जागी कोणाला घेतलं नाही, अडतीस हजारांचं पुरण वाटायचं यंत्र घेतलं. कोणाला काढलं नाही हे खरं आणि एक पगार कमी झाला हेही खरं. वाढीमुळे का? काकू म्हणतात, यंत्र तसंही घ्यायचंच होतं. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो. ‘तसंही’ त्या सिलिंग फॅन घ्यायला चार वर्षं लावतात. माणसं नऊ झाली म्हणून ईएसआय सुटेल का, असंही त्यांनी विचारलं. सुटत नाही, एकदा लागू झाला की आकडा दहाच्या खाली आला तरी राहतो. ‘बरं झालं,’ म्हणाल्या. खरंच म्हणाल्या की कसं, कळलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा कायदा जाऊन वेतन संहिता आली. आता कमी पगार दिल्याचा दंड पन्नास हजारांपर्यंत, आणि थकलेल्या पगाराचा दावा सहा महिन्यांऐवजी तीन वर्षांपर्यंत करता येतो. त्याच आठवड्यात मी काकूंचं पगारपत्रक करायला गेलो होतो. दारात समोरच्या केंद्रातली एक बाई उभी. हाताला कणीक तशीच, दुपारच्या सुट्टीत आली असावी.

‘काकू, तुमच्याकडे कलेक्टर रेट मिळतो ना? जागा आहे का?’

काकूंनी आत यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, ‘आत्ता नाही गं. संक्रांतीला गूळपोळ्या असतात, तेव्हा ये. महिनाभराचं काम निघेल.’

बाईने मान हलवली आणि रस्ता ओलांडून परत गेली. काकू मला म्हणाल्या, ‘महिनाभरासाठी घेतली तर हजेरी-बुकात लिहावं लागेल?’

‘पहिल्या दिवसापासून,’ मी म्हटलं.

‘श्रेणी?’

‘आधी तिला लाटताना बघा.’